परतीचे दोर

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार. त्या दिवशी मी मोठला होतो. माझी नेमणूक झाशीला झाल्यापासून महिन्या-दोन महिन्यांतून तेथे जाणे होते. झाशीहून कानपूर रस्त्याला लागले की आधी परीछ्याचा बंधारा लागतो, मग कवी मैथिलीशरण गुप्तांचे चिरगाव आणि त्यानंतर हे तहसिलीचे गाव. 'मोठ' म्हटले की आपल्याकडच्या जुन्या माणसाला विहिरीवरची चामड्याची मोठ आठवते. या गावाचा तिच्याशी संबंध नाही, परंतु दर खेपेस गावाच्या नावाची पाटी दिसली की मला आजोळच्या विहिरीवरचा नाडा आणि बैलांची ती उलट्या पावलांची चाल आठवते. परमुलखात राहणाऱ्या माणसाचे मन असे कशालाही धरून घरी जाते.

दुपारचे कामकाज आटोपत आले असताना तेथील एका कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर चित्रफीत आली. शेजारच्या मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात हवाई दलाचे दोन आसनी मिराज-२००० विमान एका शेतात कोसळले होते. मागे धूर, जळते अवशेष, भोवती गावकरी, आणि जवळच फोनवर बोलत असलेला वैमानिक. दोन्ही वैमानिक वेळेवर बाहेर पडले होते. सरावाच्या उड्डाणात यंत्रणेत बिघाड झाला आणि चौकशीचा आदेश देण्यात आला आहे, असे हवाई दलाने नंतर सांगितले.

व्हरांड्यात चर्चा सुरू झाली. एक ज्येष्ठ लिपिक हळहळले, "कोट्यवधी रुपयांचे विमान! सरकारचे केवढे नुकसान!" दुसऱ्याने विचारले, "एवढी शेते मोकळी आहेत, कुठेतरी उतरवता आले नसते का?" तिसऱ्याने आता त्या दोघांच्या मागे चौकशीचे शुक्लकाष्ठ लागणार, असे भाकीत केले. कोपऱ्यात पाण्याचा जग घेऊन उभ्या असलेल्या शिपायाने तेवढे विचारले, "दोघेही वाचले ना?"

मी काही बोललो नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा हवाई दलात लढाऊ वैमानिक आहे. तो कोठे आहे आणि कोणते विमान चालवतो, हे येथे लिहिण्याचे कारण नाही. अशी बातमी आली की मी त्याला एका शब्दाचा संदेश पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत कोणत्याही फाइलीवर सही करत नाही. त्या दिवशी उत्तर वीस मिनिटांनी आले.

परंतु लिपिकांचे ते वाक्य मनात राहिले, कारण ते माझ्याच जातीचे वाक्य होते. तीस वर्षे शासनाच्या मालमत्तेची नोंद, तपासणी आणि हानीची जबाबदारी निश्चित करणे हे ज्याने केले, त्याच्या तोंडी प्रथम तेच येणार. आकाशात इंजिन बंद पडल्यावर वैमानिकाने बाहेर पडावे की विमान कसेही करून जमिनीवर उतरवण्याचा प्रयत्न करावा, हा प्रश्न हवाई दलाच्या तज्ज्ञांचा आहे, हे मला मान्य आहे. तरीही त्याचा एक भाग निखळ प्रशासनाचा आहे आणि त्यावर माझ्यासारख्याने लिहायला हरकत नसावी.

रात्री विश्रामगृहावरून भाच्याशी सविस्तर बोललो. तो म्हणाला, "मामा, हँडल ओढायचे की नाही, हे मी वर गेल्यावर ठरवत नाही. ते सकाळी ब्रीफिंगच्या खोलीत ठरवून निघतो. अमुक उंचीच्या खाली विमान ताब्यात नसेल, तर विचार करायचा नाही, ओढायचे. वर विचार करत बसलो, तर तेवढ्यात उंची संपते."

यामागचे यंत्रशास्त्र थोडक्यात असे. हँडल ओढले की आधी डोक्यावरचे पारदर्शक छत बाजूला होते किंवा फुटते, मग आसनाखालची स्फोटके व रॉकेट वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकतात आणि दोन-तीन सेकंदांत पॅराशूट उघडते. त्या क्षणी शरीरावर स्वतःच्या वजनाच्या बारा ते वीसपट भार येतो. पाठीचे मणके दबतात. काहींना पुन्हा लढाऊ विमानात बसता येत नाही. म्हणजे बाहेर पडणे हा आरामाचा मार्ग आहे, असे कोणी समजू नये. आधुनिक आसन धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानातूनही माणसाला जिवंत बाहेर काढू शकते. मात्र विमान वेगाने खाली येत असेल किंवा उलटे झाले असेल, तर तेच आसन अपुरे पडते, उलट्या विमानातून तर ते माणसाला जमिनीकडेच फेकते. म्हणून उंची हाच वैमानिकाचा वेळ असतो आणि तो वेळ विमान वाचवण्याच्या खटपटीत खर्च झाला की आसन असून नसल्यासारखे होते.

या आसनाच्या जन्माची कथाही याच प्रश्नाची आहे. जेम्स मार्टिन आणि कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर या दोघांची इंग्लंडमध्ये विमाने बनवणारी कंपनी होती. १२ सप्टेंबर १९४२ रोजी त्यांच्या एका नव्या लढाऊ विमानाची चाचणी घेताना उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले. बेकर यांनी ते उतरवण्याचा प्रयत्न केला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर मार्टिन यांचे लक्ष विमानाकडून वैमानिकाच्या सुरक्षेकडे वळले, ते कायमचे. आज त्या कंपनीच्या आसनांनी वाचवलेल्या माणसांची संख्या साडेसात हजारांहून अधिक आहे. विमाने बनवणारी कंपनी म्हणून तिला आज फारसे कोणी ओळखत नाही.

आता अर्थशास्त्राकडे वळतो. एम. ए. ला असताना बुडीत खर्चाचा सिद्धांत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवला होता. जो पैसा परत येणार नाही, तो पुढच्या निर्णयात धरू नये, एवढेच त्याचे सार. बंद पडलेल्या विमानाची खरेदी-किंमत हा त्या क्षणी बुडीत खर्च असतो. वर्तमानपत्रे प्रश्न मांडतात तो "विमान की वैमानिक" असा. ही मांडणीच चुकीची आहे. वेळेवर बाहेर पडले तर विमान जाते आणि माणूस बहुधा वाचतो. शेवटपर्यंत आत बसले तर कधीतरी दोन्ही वाचतात, पण बहुतेक वेळा दोन्ही जातात. विमान दोन्ही बाजूंना जाणारच असेल, तर ते तराजूत ठेवण्याचे प्रयोजन काय? खरी निवड "विमान" की "विमान आणि शिवाय माणूस" अशी असते. अर्थात मिराजचे उत्पादन २००७ मध्येच थांबलेले आहे आणि आपल्या हवाई दलाकडे मंजूर ४२ स्क्वॉड्रनांपेक्षा कितीतरी कमी स्क्वॉड्रन आहेत. तेव्हा प्रत्येक विमानाचा जीव तुटतो हे खरे. पण टंचाई ही वैमानिकाच्या डोक्यावर ठेवण्याची गोष्ट नव्हे. ती खरेदीची फाइल वेळेवर न हलवणाऱ्यांच्या डोक्यावर राहिली पाहिजे.

इतकी सोपी गोष्ट असून ती आचरणात का येत नाही? मला वाटते, कारण आपण सगळे मनातून सूर्याजीच्या बाजूचे आहोत. सिंहगडावर तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने परतीचे दोर कापून टाकले, ही कथा मराठी मुलाला चौथीतच भेटते आणि "परतीचे दोर कापणे" हा वाक्प्रचार जन्मभर सोबत राहतो. २००५ चे नोबेल मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी हेच तत्त्व शास्त्रशुद्ध रीतीने मांडले : स्वतःचे पर्याय जाहीरपणे नष्ट केले की शत्रूला आपल्या निश्चयाची खात्री पटते. युद्धात ते खरे आहे. पण बिघडलेले इंजिन काही उदेभान राठोड नव्हे. आपला निश्चय पाहून ते शरण येत नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हेच दोर कापले होते. निरीक्षणासाठी सोडलेल्या फुग्यांतील सैनिकांना पॅराशूट मिळत असे, विमानातील वैमानिकांना नाही. वजन जास्त, भरवसा कमी, ही कारणे होतीच. पण सुटकेचे साधन हाती दिले तर वैमानिक विमान लवकर सोडून देईल, असाही एक विचार वरच्या वर्तुळात होता. १९१८ मध्ये जर्मन वैमानिक पॅराशूट वापरू लागले, तेव्हाही ब्रिटिश वैमानिक जळत्या विमानातच खाली येत होते. विमा उतरवलेला माणूस निष्काळजी होतो, या आमच्या शास्त्रातील शंकेचे याहून क्रूर उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रत्यक्षात घडते ते या शंकेच्या उलट. अमेरिकेतील सिरस कंपनीच्या लहान विमानांना संपूर्ण विमानासाठीच पॅराशूट असते. दांडी ओढली की विमानासकट सगळे हळूहळू खाली येतात. ही विमाने बाजारात आल्यानंतर अनेक वर्षे लोक दांडी न ओढता मरत राहिले. विमान आपल्याला उतरवता येईल, हा विश्वास आणि महागडे यंत्र आपल्या हाताने मोडायचे, हा संकोच. पुढे मालकांच्या संघटनेने प्रशिक्षणच बदलले : शंका आली की लवकर ओढा, नंतर विचार करा, आणि हे जमिनीवर असतानाच पुन्हा पुन्हा घोकून घ्या. त्यानंतर मृत्यू लक्षणीय कमी झाले. पॅराशूट तेच होते. ते ओढण्याची परवानगी तेवढी नव्याने मिळाली होती.

परवानगी हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. त्यासाठी मला माझ्या नोकरीतील एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर कोठे लिहिलेली नाही.

नव्वदीच्या दशकात सह्याद्रीच्या पायथ्याशी एका लहान कार्यालयाचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक होती. कार्यालयाकडे एक जुनी जीप होती. ती मोडीत काढावी, म्हणजे सरकारी भाषेत तिचे निर्लेखन करावे, असा प्रस्ताव माझ्यासमोर आला. ब्रेक वारंवार नादुरुस्त होत आहेत, असे चालकाने लिहून दिले होते. मी त्या प्रस्तावावर शेरा मारला : "वाहनाने विहित किलोमीटर पूर्ण केलेले नाहीत. तूर्त दुरुस्ती करून वापरावे." शेरा नियमाला धरून होता. लेखापरीक्षणात कोणी त्यावर बोट ठेवू शकले नसते.

चार महिन्यांनी घाट उतरताना त्या जीपचे ब्रेक गेले. मागे बसलेल्या दोन कर्मचाऱ्यांनी उड्या मारल्या, त्यांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. "काका, उडी टाका," म्हणून ते ओरडत राहिले. चालक सुकाणू सोडायला तयार नव्हते. दोन वळणे त्यांनी गाडी सांभाळली आणि तिसऱ्या वळणावर ती डोंगराच्या अंगाला घातली. त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला. मी रुग्णालयात गेलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "साहेब, गाडीचे किती नुकसान झाले? पगारातून कापतील का?"

मी त्यांना धीर दिला आणि परत येऊन अहवाल लिहिला. शासकीय मालमत्तेचे रक्षण करताना चालकाने दाखवलेल्या असामान्य धैर्याची त्यात मी मनापासून प्रशंसा केली, रोख बक्षीस आणि प्रशस्तिपत्र यांची शिफारस केली. दोन्ही मंजूर झाले. एका छोट्या समारंभात ते प्रशस्तिपत्र मीच त्यांच्या हाती दिले, कुबडीवर उभे राहून त्यांनी ते घेतले. त्या अहवालात निर्लेखनाच्या प्रस्तावाचा आणि माझ्या शेऱ्याचा उल्लेख नव्हता. मी तो लपवला, असे त्या वेळी मला वाटलेही नाही. धैर्याच्या वर्णनात त्याला जागाच उरली नव्हती.

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका अपघाताची फाइल वाचताना हे माझ्या ध्यानात आले आणि मग बराच काळ झोप नीट लागली नाही. आत बसून राहणाऱ्याची आपण प्रशंसा करतो, तेव्हा त्याला तेथे कोणी बसवले, हा प्रश्न आपोआप मिटतो. वैमानिकाची चूक, असे लिहूनही तो तसाच मिटतो. मिग-२१ विमानाच्या अपघातात सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगढला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले, त्यानंतर त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी वर्षानुवर्षे जो लढा दिला, तो मुलावर ठेवलेल्या ठपक्याविरुद्ध होता आणि त्या ठपक्याआड विमानांविषयीचे प्रश्न दडू नयेत, यासाठीही होता. त्या घराला मी ओळखत नाही. पण तो लढा वर्तमानपत्रांतून वाचताना मला प्रत्येक वेळी माझा शेरा आठवे.

मराठी वाचकांच्या मनाला लागलेली आणखी एक घटना येथे टाळता येणार नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत कोसळले. २१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत मुख्य वैमानिक, नागपूरच्या घराण्यातील आणि हवाई दलातील माजी चाचणी वैमानिक दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिक हे दोघेही होते. त्या आठवड्यात आपल्या सर्वांच्या फोनवर त्यांनी विमान कसे वाचवले, याच्या कथा फिरत होत्या. मीही त्यांतली एक पुढे पाठवली होती. वर्षभराने चौकशी अहवाल आला. विमान धावपट्टीच्या जवळपास मध्यावर टेकले, उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना सहवैमानिकाने केली होती, ती अमलात आली नाही, असे त्यात होते.

प्रवासी विमानात आसन उडत नाही. तेथे परतीचा दोर म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे. तो दोर का वापरला गेला नाही? अहवालातील एक निरीक्षण कोणत्याही प्रशासकाने कापून टेबलाच्या काचेखाली ठेवावे असे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच वैमानिकाला कोळिकोडहून न्यायचे होते. तेथे कॅप्टनांची संख्या पुरेशी नव्हती, आणि ती नसण्याचे कारण कंपनीचे मनुष्यबळ-धोरण. त्या पावसाळी संध्याकाळी तेथेच उतरण्याच्या ओढीमागे हे होते, असे अहवाल म्हणतो. कर्तव्यदक्ष, अनुभवी माणूस. आणि त्याच्या हातावर, कोणाच्याही नकळत, एक ड्यूटीचा तक्ता ठेवलेला. जीपच्या सुकाणूवरही माझा शेरा असाच ठेवलेला होता.

येथवर वाचून कोणी म्हणेल, खाली गाव असेल तर? हा आक्षेप खरा आहे आणि याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही. ३ मे २००२ रोजी जालंधरमध्ये वैमानिकाने सोडलेले मिग-२१ एका बँकेवर कोसळले आणि आठ जण मेले. ८ मे २०२३ रोजी राजस्थानात हनुमानगढ जिल्ह्यातील बहलोलनगर येथे घरावर मिग-२१ पडून तीन स्त्रिया गेल्या, वैमानिक वाचला. त्या घरातील माणसांना बुडीत खर्चाचा सिद्धांत सांगायला मी जाणार नाही. जनतेच्या रक्षणासाठी नेमलेल्या माणसाने जनतेसाठी काही सेकंदांचा धोका पत्करावा, ही अपेक्षा रास्त आहे आणि वैमानिक ती पाळतातही. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोव्यात नौदलाच्या मिग-२९के विमानाला पक्षी धडकले, तेव्हा दोघा वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर वळवले आणि मग ते बाहेर पडले. विमान वेर्ण्याच्या पठारावर पडले, कोणालाही इजा झाली नाही. नाशिक जिल्ह्यात २०१८ मध्ये पिंपळगाव बसवंतच्या बाजूला आणि ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यात शिरसगावला सुखोई विमाने शेतांत पडली, वैमानिक वाचले. त्यातली दुसरी बातमी लोकसभेच्या मतमोजणीच्या गलक्यात कोणी नीट वाचलीही नाही.

परंतु विमान अजिबात ऐकत नसेल, तर आत बसून राहिल्याने खालचे गाव वाचते, ही समजूत भाबडी आहे. २१ जुलै २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशाच्या हवाई दलाचे लढाऊ विमान एका शाळेवर कोसळले. वैमानिकाने ते विरळ वस्तीकडे नेण्याचा आटोकाट प्रयत्न केला, असे तेथील सैन्याने सांगितले. तो गेला आणि तीसहून अधिक जणही गेले. त्यांत बहुतेक लहान मुले होती. सरावाचे उड्डाण गजबजलेल्या शहराच्या डोक्यावरून व्हावे की नाही, हे त्या वैमानिकाने ठरवले नव्हते. विमानतळांच्या भोवती वस्ती वाढू देणारे नगररचनेचे नकाशे, झोन बदलाचे प्रस्ताव, त्यांवरील सह्या, यांतले एकही काम आकाशात होत नाही. वैमानिकाच्या शेवटच्या पाच सेकंदांवर आपण जे ओझे टाकतो, त्यातले बरेचसे आपल्याच टेबलावरून गेलेले असते.

दुसऱ्या बाजूचेही एक उदाहरण नोंदवले पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी तेजस विमान चालवत असताना वरुण सिंग यांच्या विमानातील उड्डाण-नियंत्रण यंत्रणा बिघडली. विमान वेगाने खाली येऊ लागले, एकदा ताब्यात आले, सुमारे दहा हजार फुटांवर पुन्हा सुटले. विमान सोडण्याची त्यांना पूर्ण मुभा होती. त्यांनी ते सोडले नाही, सुखरूप उतरवले आणि देशी बनावटीच्या विमानातील दोष तपासायला मिळाला. त्याबद्दल त्यांना शौर्यचक्र मिळाले. डिसेंबर २०२१ मध्ये कुन्नूरच्या हेलिकॉप्टर अपघातात जखमी होऊन ते गेले, हा दैवदुर्विलास. त्यांच्या निर्णयाला चूक म्हणणारा मी कोण? पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. त्यांच्याकडे दहा हजार फूट होते, म्हणजे निर्णय थोडा पुढे ढकलण्याइतका वेळ होता. आणि त्यांच्यापुढे दोर कापलेला नव्हता. तो हाताशी असताना ते थांबले. मला भाच्यासाठी तेवढेच हवे आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वैमानिकाचा जीव प्रथम, हे नियमात लिहिलेले आहेच, भाचाही तसेच म्हणतो. पण कनिष्ठ माणूस नियम पुस्तकातून शिकत नाही. आपल्या आधीच्या माणसाचे काय झाले, हे पाहून तो शिकतो. वेळेवर बाहेर पडलेल्या वैमानिकाचा निर्णय योग्य होता, असे चौकशीचा अंतिम निष्कर्ष येण्याची वाट न पाहता, त्याच आठवड्यात कोणीतरी वरिष्ठाने लेखी म्हणावे. बिघाड कशाने झाला, हा प्रश्न वेगळा, त्याला हवा तेवढा काळ लागो. हानीच्या अहवालात "मालमत्ता वाचवण्याचा प्रयत्न का केला नाही" हा रकाना माणसाच्या जिवाशी संबंधित प्रकरणात भरूच नये. आणि शौर्याची शिफारस करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने त्याच कागदावर लिहावे की हे शौर्य दाखवण्याची वेळ कोणत्या निर्णयामुळे आली. हा शेवटचा मुद्दा मांडल्यावर एका बैठकीत माझ्याकडे सगळ्यांनी असे पाहिले, की मी पुढचा विषय घ्यावा असे मलाच वाटले.

सिंहगडाच्या कथेचा शेवट आपण नेहमी विसरतो. सूर्याजीने दोर कापल्याचे कौतुक महाराजांनी कसे केले, हे आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक आहे ते "गड आला, पण सिंह गेला". मालमत्ता ताब्यात आली होती, मोहीम यशस्वी होती, आणि राज्याच्या धन्याच्या तोंडी मात्र माणसाचा हिशेब होता. याच राजाने पाच वर्षांपूर्वी पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले सोडले होते. कोणता गड कधी सोडावा, हे त्याला कळत होते.

मोठच्या मातीलाही हे अपरिचित नाही. अठराव्या शतकात येथील किल्ला राजेंद्रगिरी गोसाव्याकडे होता. झाशीचे सुभेदार नारोशंकर, ज्यांचे देऊळ आणि घंटा नाशिककरांना रोज दिसते, त्यांनी त्याला येथून हुसकावले. गोसावी किल्ल्यात अडून मेला नाही, निघून गेला, वजीर सफदरजंगाच्या चाकरीत शिरला आणि १७५१ मध्ये अलाहाबादच्या किल्ल्याच्या रक्षणात त्याने नाव मिळवले. मराठ्यांच्या दृष्टीने ही काही आनंदाची गोष्ट नव्हे, तरी गोसाव्याचा निर्णय शहाणपणाचा होता. आणि झाशीच्या किल्ल्यावर तर पर्यटकांना एक जागा मुद्दाम दाखवतात. राणी लक्ष्मीबाईंनी येथून घोड्यासह उडी घेतली, अशी लोकश्रद्धा आहे. इतिहासकार म्हणतात की एप्रिल १८५८ मध्ये त्या रात्रीच्या अंधारात भांडेरी दरवाजाने बाहेर पडल्या. भांडेर येथून, म्हणजे मोठहून, फार लांब नाही. त्या काल्पीला गेल्या, पुढे ग्वाल्हेर घेतले आणि जूनमध्ये लढताना पडल्या. उडी असो वा दरवाजा, न टिकणारा किल्ला त्यांनी सोडला. दीडशेहून अधिक वर्षांत या मुलखात त्याला कोणी पळून जाणे म्हटलेले मी ऐकले नाही. माझ्या व्हरांड्यातील ते ज्येष्ठ लिपिकही म्हणणार नाहीत.

त्या रात्री फोन ठेवण्यापूर्वी मी भाच्याला विचारले की तुझी ती उंची किती. त्याने आकडा सांगितला. मग म्हणाला, "आईला सांगू नका. ती रोज हिशेब करत बसेल." थोड्या वेळाने बहिणीचा फोन आला. शिवपुरीची बातमी तिने पाहिली होती. ती म्हणाली, "दादा, तू सरकारात आहेस ना? मग त्यांना एकदा लिहून कळव, की विमान गेले तर गेले."

मी हो म्हणालो. हा लेख त्याच्याच खटाटोपाचा भाग आहे. आकडा मी तिला सांगितलेला नाही.